कुंभार दरवाज्यातून डावीकडे

४ जानेवारी, शनिवार

लिहायला बसण्याचं कारण एक पत्र. निवृत्त झाल्यावर रोजनिशी सोडली होती. आज नवी वही काढली.

पत्र पुण्याहून, मंजूच्या होणाऱ्या सासूबाईंचं. लग्न २ फेब्रुवारीला, इथं. त्या लिहितात: "आमची मंडळी त्या दिवशी पहाटे निघतील, अक्षता टाकतील, जेवतील आणि संध्याकाळी परत फिरतील. औरंगाबादेत मुक्काम करावा असे काही नाही. पाण्याचे हालही ऐकून आहोत."

दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. म्हणजे बाई सोपी नाही.

मंजू माझ्या थोरल्या ताईची मुलगी. ताई गेली तेव्हा चौथीत होती, तेव्हापासून माझ्याकडे. इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, मागच्या जूनमध्ये कायम झाली. नवरामुलगा शिरीष. त्याला वाळूजच्या एका कारखान्यात जागा मिळते आहे. होय की नाही, ते १५ फेब्रुवारीपर्यंत कळवायचं. तो इकडे आला तर मंजूची नोकरी राहते. नाही तर राजीनामा आणि पुणं.

शिरीष म्हणतो, "मला चालेल मावशी. पण आईनं हो म्हटलं पाहिजे. तिला एकटीला कसं सोडू?"

आई विधवा. मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. मुलगा इकडे आला की त्यांनाही बिऱ्हाड हलवावं लागणार. प्रश्न रास्त आहे, हे कबूल. पण अक्षता आणि एक पंगत एवढ्यावर कुणी गावाचा निकाल लावू नये.

५ जानेवारी, रविवार

ठरलं. पत्रिकेसोबत एक कागद जाईल. कुठं जावं, किती वाजता, काय खावं, काय टाळावं. दोन दिवस पुरतील असा. घाईनं उरकता येणार नाही असा.

मंजू हसली. "मावशी, लग्नाच्या पत्रिकेबरोबर परिपत्रक?"

"हो. परिपत्रकच."

"त्या वाचणार नाहीत."

"मेट्रन आहे ती. भिंतीवर चिकटवलेलं सगळं वाचायची सवय असते."

९ जानेवारी, गुरुवार

ऐकीव काही लिहायचं नाही. म्हणून रशीदभाईंची रिक्षा दिवसभर घेतली. सतरा वर्षं त्यांनी मला शाळेत सोडलं; माझ्यापेक्षा एकदाच उशिरा आले, तेही त्यांच्या मुलीच्या जन्माच्या दिवशी.

त्यांचं मत: "मेहमानां को पैले पानचक्की ले जाव मॅडम. पानी देखे तो दिमाग ठंडा. फिर जो बोले सो सुनते."

पटलं. पहिलं कलम पाणचक्की. हौदातले मासे, वडाची सावली. ज्यांनी पाण्याचे हाल ऐकलेत त्यांनी आधी हे पाहावं, तीन-चारशे वर्षांपूर्वी डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेलं पाणी.

मकबरा. सूर्य मावळायच्या तासभर आधी. लिहिलं: "ताजमहालाशी तुलना करू नये." मंजू म्हणाली हे खोड. खोडलं नाही.

देवगिरी. गुडघे धड असतील त्यांनीच. अंधाऱ्या वाटेत वटवाघळांचा वास, नाकाला रुमाल.

वेरूळ. पुण्याची माणसं पहाटे उठून धावत जातात, कैलास सावलीत पाहतात आणि आठवणी सांगत बसतात. कैलासाचं तोंड पश्चिमेला. दुपारी साडेतीननंतर जावं. ही गोष्ट सांगायला माणूस इथलाच लागतो.

परतताना रशीदभाई: "नान-खलिया नै लिखे?"

"लग्नाचा कागद आहे. त्यात मटण कुठं लिहायचं?"

"तो मेहमान दाल पे जिंदा रैना क्या?"

लिहिलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

कलम सातवं, हिमरू. माग चालू असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. पाहुण्यांना दुकानात नाही, मागावर पाठवायचं. रेशमाचा धागा आत-बाहेर होताना पाहिला की शाल महाग वाटत नाही.

लिहिलं: "शहागंजातून चालत निघावे. कुंभार दरवाज्यातून आत शिरून डावीकडे तिसरी गल्ली. कुणालाही विचारावे."

खाली ठळक: "शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी या भागातली बरीच दुकाने बंद असतात. सकाळीच जावे."

कागद एका पानात बसला. स्वतःच्या हातानं लिहिला. टंकलेखन करून घ्यावं असं मंजूचं मत. टंकलेखकाच्या चुका मी माझ्या नावावर खपवणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दाजी फुलंब्रीहून तिळगूळ आणि पोतंभर भाजी घेऊन आले. दाजी म्हणजे मंजूचे वडील. शेती करतात, मुलगी माझ्याकडे ठेवली, तिच्या शिक्षणात एकदाही आडवे आले नाहीत. हे त्यांच्याबद्दल कायम लक्षात ठेवते, कारण बाकी फार बोलतात.

कागद वाचायला दिला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"बाई, ह्यात आपलं शेत नाय व्हय?"

"पाहुणे मातीत बसणार नाहीत, दाजी."

"का? पुण्याला माती नाय?"

"त्यांना सवय नसते."

"म्हंजी दगडाचे देव बघाया दोन घंटे उन्हात उभे राहत्याल, अन् हुरडा खायाला बसणार नाय? लई न्यारी माणसं." मग थोड्या वेळानं, "बाई, जोंधळा कुणाची वाट बघत नाय. आठ दिस उशीर झाला तर दाणा कडक. ईहीणबाईला दात हायेत तवर येऊ द्या."

नाही म्हटलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्या वेळी आठवा मुद्दा घातला. तळाची जागा मी नेहमी शेऱ्यासाठी सोडते, म्हणून समासात आडवा लिहिला: "फुलंब्री, शेतावर हुरडा, सकाळी आठ. जमिनीवर बसावे लागेल."

दाजींनी पान उलटंपालटं करून पाहिलं. "आडवं का लिवलं? आम्हाला कोपऱ्यात बसवलं व्हय?"

१८ जानेवारी, शनिवार

झेरॉक्स झाल्या. आज पत्रिका निघाल्या. दाजी पत्रिकांना हळदकुंकवाची बोटं लावत होते. लावता लावता माझ्या कागदांनाही लावली. म्हटलं, अहो, या सूचना आहेत.

"पत्रिकेसंग चालल्यात. मग त्यांचाबी मान नको?"

चाळीस प्रती पिवळ्या-लाल झाल्या. दुसऱ्या काढायला वेळ नव्हता. गेल्या तशाच.

२५ जानेवारी, शनिवार

उत्तर आलं. पूर्ण उतरवते, ठेवणीतलं आहे:

"सूचना मिळाल्या. मंडळींना वाचून दाखवल्या. सगळे राहायचे म्हणतात. ३१ला सकाळी पोहोचू, ३ला निघू. प्रत्येक सूचना बरोबर आहे का ते मी स्वतः पडताळीन. माझी सवय आहे. हुरड्याची सूचना आडवी का?"

एक दिवसाचे चार दिवस झाले!

मंजूला हाक मारून वाचून दाखवलं. तिनं मिठी मारली. कामात असताना मिठ्या आवडत नाहीत, तरी मारू दिली.

यापुढे विहीणबाईंना वि. बा. लिहीन. वेळ कमी आहे.

२९ जानेवारी, बुधवार

मंगल कार्यालयाच्या खोल्या तपासल्या. गाद्या उन्हात टाकायला लावल्या. टाक्या दोन, भरलेल्या. झाकणं काढून आत पाहिलं. व्यवस्थापक म्हणाला, "बाई, विश्वास नाही का?" म्हटलं, विश्वास आहे, झाकणही काढ.

 संध्याकाळी मंजू म्हणाली, "मावशी, त्यांना आवडलंच नाही तर? मी राजीनामा लिहून ठेवलाय. तारीख घातली नाही."

"दाखव."

वाचला. तीन चुका होत्या. दुरुस्त केल्या आणि माझ्याच ट्रंकेत ठेवला.

३१ जानेवारी, शुक्रवार

मोठा दिवस. क्रमानं लिहिते.

सकाळी दहाला बस आली. वि. बा. पहिल्या उतरल्या. उंच, पांढरी वॉयलची साडी, कपाळ मोकळं, हात मोकळे, मनगटावर पुरुषी घड्याळ. माझा कागद चार घड्या घालून पर्समध्ये, आणि एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल.

"तुम्हीच ना मुख्याध्यापकबाई?"

"होते. आणि तुम्ही मेट्रनबाई."

"होते."

एकमेकींना नीट पाहिलं. चहा झाला.

आज शुक्रवार, म्हणून आधी सातवं कलम घेतो, असं त्यांनी जाहीर केलं. कागद खरोखर वाचला होता. तीन बायका आणि शिरीषचे काका सोबत. मी रशीदभाईंना थांबवलं होतं. वि. बा. म्हणाल्या, "कागद आहे ना? मग माणूस कशाला? कागद बरोबर असला तर पोहोचू."

गेले. साडेअकराला.

एक वाजला. मग दीड. पंगत खोळंबली. दोन वाजता शिरीष दारात येरझाऱ्या घालू लागला. मंजूचं तोंड पांढरं. मी रशीदभाईंना पाठवलं आणि त्यांच्या मागे दुसऱ्या रिक्षानं स्वतः निघाले.

रिक्षावाल्याला सांगितलं, कुंभार दरवाजा. तो निघाला. गर्दीतून, केळीवाल्यांच्या गाड्यांमधून, आणि एका ठिकाणी थांबला. "आ गया."

उतरले. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

दरवाजा नाही.

दरवाजा नाहीच! रस्ता रुंद करताना पाडला, त्याला तीस वर्षं होऊन गेली. पडताना मी स्वतः पाहिला होता, नोकरीची पहिली वर्षं होती, दगडांचा धुरळा साडीवर घेऊन वर्गात गेले होते. आणि तेव्हापासून आजपर्यंत, "कुंभार दरवाज्यातून आत शिरायचं", असं रोज म्हणत, मोकळ्या रस्त्यातून "आत" शिरत आले. मीच नाही. सगळं गाव.

मुलींना सांगायची, नकाशात नसलेलं लिहू नका.

रशीदभाई समोरून हात करत आले. "मिल गए मॅडम. जीमने बैठे है."

तिसऱ्या गल्लीत बांगड्यांचं दुकान. शटर अर्ध्यावर ओढलेलं. आत चटईवर पाचही जण. समोर खिचडी, चिंचेचा खट्टा, पापड. काका तिसऱ्यांदा वाढून घेत होते. आणि दुकानाची मालकीण मला पाहून झटकन उभी राहिली. पाठीमागे हात, वर्गात उभं राहावं तशी.

"बाई!"

शहनाज. आठवीत शाळा सुटली तिची, लग्न झालं म्हणून. मी तिच्या वडलांशी भांडायला गेले होते. हरले होते.

काय घडलं ते वि. बा. नी सांगितलं. जसंच्या तसं:

"चार जणांना विचारलं कुंभार दरवाजा कुठे. चौघांनी हात करून हाच रस्ता दाखवला. आम्ही पुढे गेलो, मागे आलो. पाचव्याला म्हटलं, अरे पण दरवाजा कुठंय? तो म्हणतो, 'अम्मा, दरवाजे में तो खडे है आप.' मी वर पाहिलं, खाली पाहिलं. मला वाटलं, ऊन लागलं की काय! मग माझा गुडघा बसला आणि मी या पायरीवर बसले, कागद हातात. आणि ही बाई बाहेर येते, माझ्याकडे बघतच नाही, कागदाकडे बघते. म्हणते, 'ये तो हमारी बाई का अक्षर है.'"

शहनाज म्हणाली, "दोन शब्दांत बोटभर जागा. पट्टी लावून ओढलेल्या रेघा. बाई, माझ्या वहीत तुम्ही असंच लिहून दिलेलं अजून हाय. म्हटलं, बाईचे पाहुणे उन्हात कसे बसत्याल?"

 मी खट्ट्यात मीठ किती आहे ते विचारलं.

माग तिच्या सासऱ्यांचा, मागच्याच खोलीत. नमाजाहून आल्यावर त्यांनी तासभर चालवून दाखवला. वि. बा. नी प्रश्न विचारून त्यांना घामाघूम केलं.

एक गोष्ट लिहिते आणि कुणाला सांगणार नाही. शहनाजनं सगळ्या बायकांना बांगड्या भरल्या. वि. बा. नी हात पदराखाली घेतले. शहनाजनं ओढून बाहेर काढले. "मेरे को नको," वि. बा. म्हणाल्या, हिंदी इतकंच येतं त्यांना. ती म्हणाली, "अम्मा, काँच नै. लाख के है. दुकान में आए तो खाली हात नै जाने देती मैं." राखाडी रंगाच्या, दोन. घड्याळाच्या वर सरकवल्या. वि. बा. त्या हाताकडे पाहत बसल्या, नाडी मोजावी तशा.

 

परतल्यावर सगळ्यांसमोर कागद उघडला. सातव्या कलमावर लाल फुली. बाजूला: "दरवाजा नाही."

"चूक माझी," मी म्हटलं.

मंजू माझ्याकडे पाहतच राहिली. तिनं हे वाक्य माझ्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं म्हणे.

वि. बा. नी पेन्सिल उलटी केली आणि फुलीखाली निळ्यानं लिहिलं: "पण पोहोचतो."

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आठ. हुरडा. आगटीभोवती पोती टाकलेली. वि. बा. नी गुडघ्याकडे बोट दाखवलं. दाजींनी एक पोतं दुमडून, त्यावर दुसरं दुमडून सिंहासन केलं.

"बसा ईहीणबाय. इथून खाली जमीनच हाय, पडायचं भ्या नाय."

कणसं भाजून दाजी हातावर चोळत होते, चुलत सुना दाणे पाखडत होत्या. वि. बा. ना चमचा हवा होता.

"चमच्यानं हुरडा? व्हय, अन् मग सुई टोचून गूळ देतो." सगळे हसले, वि. बा. सुद्धा. मग त्यांनी तळहात पुढे केला, दाजींनी गरम दाणे ओतले, आणि त्यांनी हात झटकला नाही. मेट्रनचा हात. चटणी तिखट होती. काकांच्या डोळ्यांतून पाणी. वि. बा. नी तीनदा घेतली.

दाजी मला हळूच: "आडवं लिवलं व्हतं म्हणून डोळ्यात भरलं बघा."

दुपारी वेरूळ. साडेतीन म्हणजे साडेतीन. आवारात शिरलो तेव्हा ऊन नेमकं समोरून आलं आणि सगळा दगड मधासारखा झाला. मंडळींची बडबड थांबली. इतक्या मोठ्या पुणेरी घोळक्याची बडबड थांबली, यापेक्षा जास्त काय लिहू!

वि. बा. बराच वेळ उभ्या होत्या. मग: "हे वरून खाली खोदत आले?"

"हो. कळस आधी, पाया नंतर."

"आणि एखादा घाव चुकला तर?"

"चुकलेलं धरून पुढे कोरत जायचं. दगड परत लावता येत नाही."

"तुमच्या दरवाज्यासारखं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा हसल्या माझ्याकडे बघून. दात स्वतःचे आहेत.

संध्याकाळी हळद, सीमांतपूजन. काका आणि चार तरुण मंडळी जेवणाला गैरहजर. नऊ वाजता उजळलेल्या चेहऱ्यांनी आले. रशीदभाई दूर उभे राहून आकाश बघत होते. वि. बा. नी काकांचा नुसता वास घेतला.

"हे काय खाल्लं?"

"नान... खलिया."

माझ्याकडे वळून, कडक आवाजात: "हे कागदावर का नाही?"

"लग्नाचा कागद आहे. मटण कसं लिहायचं?"

"मला आवडतं. तीन वर्षांत चांगलं मिळालं नाही." आणि पेन्सिल काढून स्वतःच नववं कलम लिहिलं.

रशीदभाई माझ्याकडे पाहत रिक्षाची काच पुसू लागले. 

२ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. मुहूर्त गाठला. मुहूर्ताच्या अडीच मिनिटं आधी भटजींना घड्याळ दाखवावं लागलं. मी एका बाजूनं दाखवलं, वि. बा. नी दुसऱ्या.

त्यांच्या हातात त्या राखाडी बांगड्या तशाच. त्यांच्याकडच्या एक जाऊबाई कुजबुजल्या, "अगं, हे काय, इतक्या वर्षांनी?" वि. बा. म्हणाल्या, "इथल्या आहेत." एवढंच.  इतकं छोटं उत्तर मला सुचलं नसतं.

शहनाज आली होती. सासऱ्यांना घेऊन. पहिल्या पंगतीत बसवलं. वाढायला मी.

मंजू सुंदर दिसली. ताईची नथ. जास्त लिहीत नाही.

दाजी पाठवणीच्या वेळी मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. सगळा जन्म बोलणारा माणूस, एक शब्द नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मकबरा (मावळतीची वेळ हुकलीच) आणि पाणचक्की राहिली होती, ती उरकली. उरकली म्हणू नये. पाणचक्कीच्या वडाखाली वि. बा. तासभर बसल्या. मला शेजारी बसवून घेतलं. इथलं बोलणं महत्त्वाचं, म्हणून आठवतंय तसं लिहिते.

"स्पष्ट विचारते. नळाला पाणी किती दिवसांनी?"

खोटं बोलता आलं असतं. समोर हौद भरलेला होता.

"एक दिवसाआड. उन्हाळ्यात दोन. कधी तीन."

"तरी तुम्ही इथेच राहिलात."

"पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी उर्दू शाळेत नववीत होते. घरचे म्हणाले, शिकणं पुरे, मराठी शाळा कुठाय? मग इथंच मराठीतून मॅट्रिक, इथंच कॉलेज. मुली मोजून सहा. पुढे या गावातल्या किती मुलींना शिकवलं ते मोजलं नाही. ज्या शिकल्या नाहीत त्याही अक्षर ओळखतात, हे परवा कळलं. मी कशाला जाऊ?"

 त्यांनी माशांना फुटाणे टाकले. नंतर म्हणाल्या, "माझ्या वॉर्डातल्या मुली आता कुठे असतील कुणास ठाऊक. पुण्यात मला रस्त्यात कुणी ओळखत नाही."

"इथेही लगेच ओळखणार नाहीत. दोन वर्षं लागतील."

"तुम्ही फार गोड बोलता, मुख्याध्यापकबाई."

"तुम्ही विचारलंत."

बाराला बस. शिरीष पाया पडला. म्हटलं, पंधरा तारीख लक्षात आहे ना? तो आईकडे बघू लागला. वि. बा. म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? कळवीन." आणि बसमध्ये चढल्या. खिडकीतून मात्र हात बाहेर होता, बांगड्यांचा.

मंजूही त्यांच्यासोबत पुण्याला गेली, पंधरा दिवसांची रजा आहे. तारीख नसलेला राजीनामा तिनं मागितला नाही. मी दिला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज टपालानं त्यांच्याकडचा माझा कागद परत आला. वि. बा. नी पूर्ण तपासून पाठवलाय. देवाणघेवाण संपली म्हणून नोंद करून ठेवते, म्हणजे कुणाचं काय कुणाकडे ते स्पष्ट राहील.

आम्ही दिलेलं: सूचनांच्या जादा प्रती बारा, त्यांच्या महिला मंडळासाठी, त्यांनी मागून घेतल्या. सातवं कलम दुरुस्त केलं: "कुंभार दरवाजा आता नाही. तरी कुणालाही विचारावे, दाखवतात." हुरडा सरळ ओळीत. नान-खलिया नववं. जोंधळ्याची कणसं एक गोणी, दाजींकडून. शहनाजच्या दुकानाचा पत्ता, नकाशासह, नकाशा आज आहे तसा.

हिमरूची शाल त्यांनी स्वतः घेतली. दिलेल्यात धरत नाही.

दाजींनी ओळ घालायला सांगितली: "मुलगी दिली." घालणार नाही. मुली द्यायच्या-घ्यायच्या वस्तू नाहीत, हे वर्गात जन्मभर सांगितलं. मंजू रजेवर गेली आहे. सतराला कॉलेजात हजर व्हायचं आहे.

त्यांनी दिलेलं: हा कागद. प्रत्येक कलमापुढे निळी खूण. एकच लाल, ती आधीची. अगदी तळाशी, जिथं मी मुद्दाम जागा सोडत असते तिथं, निळ्या पेन्सिलीनं नवं कलम. नुसता आकडा आणि एक ओळ:

"१०. घरच्या नळाला पाणी नेमक्या किती वाजता येते, ते कुठेच लिहिलेले नाही. लिहावे."

मंजूचा फोन अजून नाही. पंधराला सात दिवस आहेत.

कार्ड घेतलं. लिहिलं: "पहाटे साडेपाच ते सव्वासहा. एक दिवसाआड. भांडी आदल्या रात्री घासून ठेवावीत." वर पत्ता घातला. रशीदभाईंच्या हाती दिलं, पेटीत टाकायला. दुपारच्या टपालात गेलं असेल.